वहिवाट आणि आखणी : काटकोनी नगरजाळीतील कर्णमार्गांची चिकित्सा

१. प्रस्तावना

मराठी भाषेत रस्त्याचा आकार हा माणसाच्या चारित्र्याचा निकष होऊन बसला आहे. सज्जन माणसाला आपण 'सरळमार्गी' म्हणतो, बिघडलेला मुलगा 'वाकड्या वाटेला' लागतो. मात्र जिव्हाळ्याचा माणूस आपल्यासाठी 'वाट वाकडी करून' येतो. सरळपणाचा गौरव आणि वाकडेपणातील आपुलकी ही दोन्ही मूल्ये भाषेने एकाच वेळी सांभाळली आहेत. आधुनिक नगररचनेच्या विचारविश्वात मात्र या दोन मूल्यांचे दोन परस्परविरोधी पंथ झालेले दिसतात. ऑस्ट्रियन वास्तुविद कामिलो झिट्टे याने १८८९ मध्ये जुन्या युरोपीय शहरांतील अनियमित चौकांची कलात्मक बाजू मांडली. पुढे चंदीगडच्या रचनेमुळे भारतीय वाचकाला परिचित झालेल्या ल कॉर्बुझिए याने १९२५ च्या आपल्या नगररचनाविषयक ग्रंथात नेमकी उलट भूमिका घेतली. त्याच्या मते सरळ रस्ता हा ध्येय ठरवून चालणाऱ्या विवेकी माणसाचा, तर वळणावळणाची वाट ही ओझ्याच्या गाढवाची.

या वादात एक प्रकार कायम दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे काटकोनी जाळीच्या शहरात राहूनही त्या जाळीला न जुमानणारा मोठा रस्ता. तो गल्लीबोळ नसतो. शहराचा प्रमुख मार्गच असतो. न्यूयॉर्कचा ब्रॉडवे, शिकागोचे मिलवॉकी, आर्चर व ऑग्डेन हे मार्ग, वॉशिंग्टनचा पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू आणि बार्सिलोनाचा दियागोनाल ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा रस्त्यांना प्रस्तुत लेखात 'कर्णमार्ग' ही संज्ञा वापरली आहे.

कर्णमार्गांविषयी अभ्यासकांत आणि रसिकांत एक समज रूढ आहे. जाळी ही सत्तेची, तर तिला छेदणारा रस्ता लोकांचा. जाळी विस्मरण घडवते, तर कर्ण स्मृती जपतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा समज आकर्षक असला तरी अपुरा आहे आणि काही ठिकाणी तो अन्यायावर पांघरूण घालणारा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी दोन देशी संज्ञांचा आधार घेतला आहे : 'वहिवाट' आणि 'आखणी'. वहिवाट म्हणजे वापराने सिद्ध होणारा हक्क. शेतात जाण्याच्या रस्त्यावरून होणाऱ्या तंट्यांत १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमापासून आजतागायत महाराष्ट्रातील महसुली व्यवहारात ही कल्पना जिवंत आहे. आखणी म्हणजे वापर सुरू होण्यापूर्वीच कागदावर ठरवलेली रेषा. कर्णमार्ग यांपैकी कशाची अपत्ये आहेत, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. जाळीचा युक्तिवाद आणि तिचे समीक्षक

न्यूयॉर्क राज्याने १८०७ मध्ये गव्हर्नर मॉरिस (येथे गव्हर्नर हे पदनाम नसून व्यक्तिनाम आहे), सिमियन डी विट आणि जॉन रदरफर्ड या तिघांना आयुक्त नेमले. जॉन रँडेल धाकटा या तरुण सर्वेक्षकाने बेट मोजले आणि १८११ मध्ये मॅनहॅटनची प्रसिद्ध योजना जाहीर झाली. बेटाच्या लांबीने जाणारे १०० फूट रुंदीचे १२ प्रमुख मार्ग आणि त्यांना काटकोनात छेदणारे १५५ आडवे रस्ते असा तिचा सांगाडा होता. योजनेला जोडलेल्या टिपणात आयुक्तांनी आपली बाजू कमालीच्या निरलंकृत भाषेत मांडली आहे. वर्तुळे, लंबवर्तुळे, तारे अशा शोभिवंत आकृत्यांचा विचार त्यांनी केला आणि बाजूला ठेवला. कारण शहर हे मुख्यतः माणसांच्या घरांचे बनलेले असते आणि सरळ भिंतींची, काटकोनी घरे बांधायला स्वस्त व राहायला सोयीची असतात. या युक्तिवादात सौंदर्याचा दावा नाही, धर्माचा नाही, राजवैभवाचाही नाही.

या जाळीवर नंतर विपुल लिहिले गेले. लुइस ममफर्डने १९६१ च्या आपल्या ग्रंथात तिच्यातील जमीनविक्रीची सोय नेमकी हेरली. जमीन न पाहताही तिचे तुकडे पाडून विकता येतात, हा काटकोनी आखणीचा खरा गुण असल्याचे त्याने दाखवले. रेम कोल्हासने १९७८ मध्ये त्याच जाळीचा एक धाडसी भविष्यवेध म्हणून गौरव केला. जेम्स स्कॉटने १९९८ मध्ये तिच्याकडे राज्यसंस्थेच्या नजरेतून पाहिले. परक्या अधिकाऱ्याला स्थानिक वाटाड्याविना शहर वाचता यावे, म्हणून राज्यसंस्थेला सरळ रेषा हव्या असतात, हे त्याचे सूत्र होय. फ्रेंच विचारवंत मिशेल द सेर्तोने १९८० च्या ग्रंथात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ११० व्या मजल्यावरून दिसणारे शहर आणि खाली चालणाऱ्या माणसांचे शहर असा भेद केला. (ते मनोरे २००१ च्या हल्ल्यात नष्ट झाले.) वरून पाहणाऱ्याकडे 'व्यूह' असतो, चालणाऱ्याकडे केवळ 'युक्ती' असते. युक्तीला स्वतःची जागा नसते आणि तिने मिळवलेले तिला राखता येत नाही, असे द सेर्तोचे म्हणणे आहे.

ही मांडणी अत्यंत उपयुक्त आहे. परंतु कर्णमार्गापाशी ती अडखळते. ब्रॉडवेसारखा रस्ता चालणाऱ्यांच्या सवयीतून टिकला हे मान्य केले, तर येथे युक्तीने आपली मिळकत राखलेली दिसते. एवढेच नव्हे, तर ती नकाशावर नोंदवून घेतलेली दिसते. वापराने हक्क सिद्ध करणाऱ्या 'वहिवाट' या कल्पनेत हा तिसरा प्रकार सहज सामावतो. म्हणूनच सत्ता विरुद्ध सामान्य जन अशा द्वंद्वापेक्षा वहिवाट आणि आखणी यांच्यातील व्यवहार तपासणे अधिक फलदायी ठरते.

३. ब्रॉडवे : नकाशाने गाळलेला रस्ता

ब्रॉडवे हा लेनापे लोकांच्या जुन्या पायवाटेचा अवशेष आहे, हे विधान पर्यटनपुस्तिकांपासून विद्वत्तापूर्ण ग्रंथांपर्यंत सर्वत्र आढळते. ते अंशतः खरे आहे. बेटाच्या दक्षिण टोकाकडील भाग विक्वास्गेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाटेशी जुळतो. परंतु जाळीला खऱ्या अर्थाने छेद देणारा मधला तिरपा पट्टा मुख्यतः ब्लूमिंगडेल रोडचा आहे. हा रस्ता १७०३ मध्ये वसाहतकालीन कायद्याने खुला झाला आणि त्याच्या दुतर्फा जमीनदारांची शेते व बागवाड्या होत्या. तेव्हा ज्याला आपण आदिम पायवाट म्हणतो, तिचा मोठा भाग वसाहतीने केलेला सार्वजनिक रस्ता आहे. वहिवाट होती, पण ती कोणाची, हा प्रश्न पहिल्याच उदाहरणात उपस्थित होतो.

१८११ च्या योजनेत या रस्त्याला भवितव्य नव्हते. जाळी पूर्ण होताच तो बंद व्हावा, हेच अभिप्रेत होते. प्रत्यक्षात तो वापरात राहिला, पुढील काही दशकांत टप्प्याटप्प्याने नकाशावर परतला आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस अँड्र्यू हॅसवेल ग्रीन यांच्या पुढाकाराने ५९ व्या रस्त्याच्या उत्तरेला 'बुलेव्हार्ड' म्हणून रुंदही झाला. १८९९ मध्ये या संपूर्ण लांबीला ब्रॉडवे हे एकच नाव मिळाले. सुमारे ९० वर्षांत रद्द ठरलेला रस्ता शहराची मुख्य ओळख बनला.

या रस्त्याचे खरे महत्त्व त्याने निर्माण केलेल्या चौकांत आहे. ब्रॉडवे उत्तरेकडे जाताना एकेक लांबट मार्ग ओलांडतो आणि प्रत्येक ओलांडणीपाशी एक मोकळी जागा तयार होते. १४ व्या रस्त्यापाशी युनियन स्क्वेअर, २३ व्या रस्त्यापाशी पाचवा ॲव्हेन्यू ओलांडताना मॅडिसन स्क्वेअर, ३४ व्यापाशी सहावा ओलांडताना हेरल्ड स्क्वेअर, ४२ व्याच्या वर सातवा ओलांडताना टाइम्स स्क्वेअर आणि ५९ व्यापाशी आठवा ॲव्हेन्यू गाठताना कोलंबस सर्कल, अशी ती मालिका आहे. जाळीत चौकोन असंख्य आहेत. परंतु थांबण्याच्या जागा या तिरप्या रेषेने दिल्या.

येथे आयुक्तांच्या टिपणातील एक तपशील विशेष बोलका आहे. युनियन स्क्वेअरची जागा मोकळी का ठेवावी लागली, याचे कारण त्यांनी स्पष्टपणे दिले आहे. इतके मोठे रस्ते एकत्र येतात तेथे सुरक्षिततेसाठी व सोयीसाठी जागा हवी. शिवाय त्या ठिकाणी आखलेले रस्ते तसेच पुढे नेले असते, तर जमिनीचे जे बारीक तुकडे उरले असते, त्यांना फारशी किंमत आली नसती. म्हणजे न्यूयॉर्कची एक श्रेष्ठ सार्वजनिक जागा ही लोकहिताच्या तत्त्वाइतकीच विक्रीच्या गैरसोयीतून जन्मली. तिरप्या छेदाने उरणारा त्रिकोण बांधकामाला अडचणीचा, म्हणून तो सर्वांचा झाला. मराठीत तीन रस्ते मिळतात त्या जागेला आपण 'तिठा' म्हणतो आणि गावाने उघडपणे बोलायच्या जागेला 'चव्हाटा'. ब्रॉडवेने तिठ्यांचे चव्हाटे केले.

अर्थात हा नफ्यातोट्याचा हिशेब कायम राहिला नाही. १९०२ मध्ये ब्रॉडवे आणि पाचवा ॲव्हेन्यू यांच्यातील अरुंद त्रिकोणावर डॅनियल बर्नहॅम यांच्या आराखड्यानुसार फ्लॅटआयर्न ही गगनचुंबी इमारत उभी राहिली. लाँगएकर स्क्वेअरचे १९०४ मध्ये टाइम्स स्क्वेअर झाले आणि त्याच त्रिकोणावर वृत्तपत्राचा मनोरा चढला. आयुक्तांना कवडीमोल वाटलेला भूखंडाचा आकार जाहिरातीच्या युगात सर्वाधिक नजरेत भरणारा ठरला. कर्णमार्ग बाजाराच्या बाहेर आहे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

आणखी एक बाब सहसा नजरेआड होते. मॅनहॅटनची जाळी खऱ्या उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे २९ अंशांनी कललेली आहे. ती बेटाच्या लांबीला अनुसरते. मध्य मॅनहॅटनमधील ब्रॉडवे त्या मानाने खऱ्या उत्तरेच्या बराच जवळ आहे. नकाशा छापताना जाळी उभी धरली जाते, म्हणून ब्रॉडवे तिरपा दिसतो. होकायंत्र हाती घेतले, तर तिरपी ठरते ती जाळी. 'तिरपेपणा' हा रस्त्याचा अंगभूत गुण नसून नकाशाची चौकट कोण धरतो यावर तो ठरतो, हे येथे अक्षरशः सिद्ध होते.

४. चित्रातून निसटलेला कर्ण

कर्णमार्गाच्या कलात्मक ग्रहणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पिएत मोंद्रियान याचे 'ब्रॉडवे बूगी वूगी' हे १९४२-४३ मधील तैलचित्र. युद्धामुळे युरोप सोडून मोंद्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला आला. या चित्रात त्याने आपल्या नेहमीच्या काळ्या रेषा टाकून दिल्या आणि पिवळ्या पट्ट्यांत लाल, निळे व करडे लहान चौकोन पेरले. शहरातील दिवे, वाहने आणि जॅझ संगीताचा ठेका यांचा प्रत्यय त्यातून येतो, असे सर्वच समीक्षकांनी नोंदवले आहे आणि ते रास्त आहे.

परंतु चित्राच्या नावात जो रस्ता आहे, तो चित्रात कोठे आहे? मॅनहॅटनमधील सर्वांत ख्यातनाम तिरप्या रस्त्याचे नाव धारण करणाऱ्या या चित्रात एकही तिरपी रेषा नाही. सर्व पट्टे आडवे किंवा उभे आहेत. ब्रॉडवे हे नाव येथे रस्त्यापेक्षा नाट्यगृहांच्या व दिव्यांच्या जगाचे वाचक आहे, असा बचाव करता येईल आणि तो निराधार नाही. तरीही मोंद्रियानच्या बाबतीत कर्णाची अनुपस्थिती सहज म्हणता येत नाही. थेओ फान दुसबुर्ख या सहकाऱ्याने १९२४ च्या सुमारास आपल्या रचनांत कर्णरेषा आणली आणि त्याच काळात मोंद्रियान 'दे स्टाइल' या गटापासून दूर झाला. त्यांच्या मतभेदाला अन्य कारणेही होती. पण आडव्या-उभ्याच्या समतोलावर मोंद्रियानची निष्ठा तत्त्वाची होती, याविषयी दुमत नाही.

म्हणून या चित्राचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी एकत्र मांडाव्या लागतात. लयीच्या दृष्टीने ते ब्रॉडवेचे आहे. भूमितीच्या दृष्टीने ते ब्रॉडवेच्या बाजूंच्या जाळीचे आहे. १८११ च्या आयुक्तांनी जो रस्ता कागदावरून पुसला, तोच रस्ता १३० वर्षांनी एका थोर चित्रकाराने कॅनव्हासवर सरळ केला. यातील पहिल्या कृतीमागे जमिनीचा हिशेब होता आणि दुसरीमागे सौंदर्याची साधना. परंतु शुद्ध काटकोनाच्या ध्यासाला अपवाद पचत नाही, हे दोहोंतील साम्य आहे. त्याच्या शेवटच्या, अपूर्ण राहिलेल्या 'व्हिक्टरी बूगी वूगी' या चित्रात कॅनव्हास ४५ अंशांत फिरवलेला आहे. मात्र पट्टे आडवे-उभेच आहेत. कर्णाला प्रवेश मिळाला, पण चित्रात नव्हे, केवळ चौकटीत. १९४४ मध्ये मोंद्रियानचे निधन झाले.

५. शिकागो : वाट उरली, वहिवाटदार गेले

कर्णमार्ग म्हणजे स्मृती, हे सूत्र शिकागोमध्ये सर्वाधिक सांगितले जाते आणि तेथेच त्याची कसून तपासणी आवश्यक आहे. अमेरिकेत १७८५ पासून सरकारी जमिनीची मोजणी मैलामैलाच्या चौकोनांत सुरू झाली. १८३० मध्ये जेम्स थॉम्पसनने शिकागोचा पहिला अधिकृत आराखडा केला आणि पुढे शहर त्या चौकोनांतच वाढत गेले. या सपाट प्रदेशात जाळीला रोखणारा डोंगर नाही. तरीही क्लार्क स्ट्रीटचा उत्तरेकडील भाग, मिलवॉकी, लिंकन, आर्चर, ऑग्डेन, व्हिन्सेन्स असे अनेक मार्ग तिला तिरपे छेदतात. त्यांतील काहींचे मूळ मूलनिवासी लोकांच्या वाटांत आहे. दलदलीच्या प्रदेशातील किंचित उंच, कोरड्या कण्यांवरून त्या वाटा जात. काही वाटांवर १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून लाकडी फळ्या टाकून पथकर घेतला जाऊ लागला; ऑग्डेन मार्ग हा असा फळ्यांचा रस्ता होता. म्हणजे पायवाट, फळ्यांचा रस्ता आणि डांबरी मार्ग असे थर एकाच रेषेवर चढले.

येथवरची कथा सर्वांना प्रिय आहे. तिच्यातून वगळले जाते ते हे की, १८३३ च्या शिकागो तहाने पोटावाटोमी व त्यांच्या सहयोगी जमातींनी मिशिगन सरोवराच्या पश्चिमेकडील आपल्या उरलेल्या भूमीवरील हक्क सोडला आणि त्यानंतर त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे जावे लागले. वाटेची रेषा राहिली. त्या वाटेवर ज्यांची वहिवाट होती, ते लोक राहिले नाहीत. आपल्याकडच्या महसुली भाषेत सांगायचे, तर येथे रस्त्याची नोंद कायम राहिली आणि वहिवाटदाराचे नाव कमी झाले. अशा रस्त्याला 'लोकस्मृतीचा विजय' म्हणणे म्हणजे उरलेल्या वस्तूच्या कौतुकात गेलेल्या माणसांचा विसर पाडणे होय.

याहून अधिक बोधप्रद उदाहरण शहराच्या उत्तर टोकाकडील रॉजर्स ॲव्हेन्यूचे आहे. हा रस्ताही जाळीला तिरपा छेद देतो. पण तो कोणत्याही पायवाटेचा अवशेष नाही. १८१६ च्या सेंट लुइस तहाने मिशिगन सरोवर आणि इलिनॉय नदी यांच्या दरम्यानचा सुमारे २० मैल रुंदीचा पट्टा अमेरिकी सरकारने ओजिब्वे, ओडावा व पोटावाटोमी यांच्याकडून मिळवला. पुढे या पट्ट्यातून कालवा काढण्यात आला. त्या पट्ट्याची उत्तर सीमा शिकागो नदीच्या मुखापासून १० मैलांवर सुरू होऊन नैर्ऋत्येकडे जात होती. ती सीमारेषा म्हणजेच आजचा रॉजर्स ॲव्हेन्यू. जवळच्या उद्यानाच्या नावात 'इंडियन बाउंडरी' हे शब्द आजही आहेत. मिलवॉकी मार्ग आणि रॉजर्स मार्ग नकाशावर सारखेच तिरपे दिसतात. एक चालण्यातून झाला, दुसरा हद्द आखण्यातून. एक वहिवाटीचा, तर दुसरा जप्तीचा. केवळ आकारावरून अर्थ काढणाऱ्या समीक्षेला हा फरक दिसूच शकत नाही.

६. हुकमाचे कर्ण

कर्णमार्गांचा दुसरा वर्ग आखणीतूनच जन्मलेला आहे. पिएर शार्ल लांफां याने १७९१ मध्ये वॉशिंग्टन शहराचा आराखडा करताना काटकोनी जाळीवर रुंद तिरपे मार्ग टाकले. थॉमस जेफरसनच्या मनात साध्या चौकोनी रचनेची कल्पना होती. लांफांला ती कंटाळवाणी वाटली. दूरदूरची महत्त्वाची स्थळे एकमेकांना दिसावीत आणि प्रवासाचे अंतर घटावे, हा त्याचा हेतू होता. संसदभवन आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान यांना जोडणारा पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू हे त्याचे शिखर. परंतु १८३६ पासून बांधल्या गेलेल्या कोषागाराच्या इमारतीने हीच दृष्टिरेषा अडवली. आखणीने दिलेले दृश्य आखणीच्याच मालकाने झाकले. तेथे वहिवाटीचा हक्क सांगणारा कोणी नव्हता.

बर्नहॅम आणि एडवर्ड बेनेट यांच्या १९०९ च्या शिकागो योजनेत भव्य कर्णमार्गांचे जाळे सुचवले होते. त्यातील फार थोडे प्रत्यक्षात आले. ऑग्डेन मार्ग वस्तीतून ईशान्येकडे लिंकन पार्कपर्यंत वाढवला गेला; पण काही दशकांतच त्या वाढीव भागाचा मोठा हिस्सा टप्प्याटप्प्याने बंद होऊन त्यावर पुन्हा बांधकाम झाले. जुना ऑग्डेन टिकला, नवा ऑग्डेन विरला. फिलाडेल्फियाच्या १६८२ च्या काटकोनी नगरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेंजामिन फ्रँकलिन पार्कवे हा तिरपा राजमार्ग दाट वस्ती पाडून काढण्यात आला; ज्याक ग्रेबेर याने १९१७ मध्ये त्याला अंतिम रूप दिले. तो देखणा आहे यात शंका नाही. परंतु तेथे कर्ण हा जाळीत अडकलेला जुना रहिवासी नसून जाळीतील रहिवाशांना हटवून आलेला नवा मालक आहे.

बार्सिलोनाचे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. तटबंदी पाडण्यास १८५४ मध्ये प्रारंभ झाल्यावर इल्देफोन्स सेर्दा याची विस्तारयोजना १८५९ मध्ये माद्रिद सरकारने मंजूर केली. शहराने घेतलेल्या स्पर्धेत मात्र अंतोनी रोविरा इ त्रियास याची योजना विजयी ठरली होती. सेर्दाची जाळी समतेच्या विचारातून आली होती. प्रत्येक वस्तीला सारखा प्रकाश, सारखी हवा आणि सारखे रस्ते मिळावेत, म्हणून सुमारे ११३ मीटर बाजूचे चौकोन आणि २० मीटर रुंदीचे रस्ते त्याने योजले. प्रत्येक चौकोनाचे कोपरे ४५ अंशांत छाटले. म्हणजे त्याने जाळीच्या प्रत्येक गाठीत एक छोटा कर्ण ठेवला आणि संपूर्ण जाळीवर ५० मीटर रुंदीचा, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा दियागोनाल टाकला. त्याच योजनेतील मेरिडियाना आणि पारालेल हे मार्गही जाळीला तिरपे जातात. त्यांची नावे मात्र रेखावृत्त आणि अक्षवृत्त सुचवतात. जाळी मुख्य दिशांशी ४५ अंशांत वळवलेली असल्याने जे पृथ्वीला सरळ, ते शहराला तिरपे ठरले. ब्रॉडवेविषयी वर केलेले निरीक्षण येथे दुसऱ्यांदा प्रत्ययास येते.

दियागोनालच्या नावाचा इतिहास हा स्वतंत्र पाठ आहे. १९३१ मध्ये प्रजासत्ताक आल्यावर त्याला '१४ एप्रिल' हे नाव मिळाले, १९३९ मध्ये फ्रँकोच्या विजयानंतर त्या हुकूमशहाचे, आणि १९७९ मध्ये दियागोनाल हे भूमितीचे नाव अधिकृत झाले. सत्तांतराच्या थकव्यानंतर शहराने निव्वळ आकाराचे नाव पसंत केले, यात एक शहाणपण आहे. समुद्रापर्यंतचा अखेरचा टप्पा तर १९९९ मध्ये खुला झाला. म्हणजे १८५९ ची रेषा पूर्ण होण्यास १४० वर्षे लागली. मे २०१० मध्ये या मार्गाच्या पुनर्रचनेविषयी महापालिकेने नागरिकांचा कौल घेतला, तेव्हा मतदान जेमतेम १२ टक्के झाले आणि मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी दोन्ही प्रस्तावित पर्याय नाकारले. आखणीतून जन्मलेला रस्ता दीड शतकाच्या वापराने वहिवाटीचा झाला होता आणि त्याच्या वहिवाटदारांना विचारल्याविना तो बदलता येईनासा झाला होता.

७. एक रास्त आक्षेप

वाहतूकशास्त्राचा अभ्यासक येथे आक्षेप घेईल की, कर्णाचे हे सर्व अर्थ मान्य केले तरी रस्ता हा आधी रहदारीसाठी असतो. या आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. काटकोनी जाळीत तीन एकक पूर्वेला व चार एकक उत्तरेला जायचे, तर सात एकक चालावे लागते. कर्णाने ते अंतर पाच होते. बचत जास्तीत जास्त सुमारे २९ टक्क्यांपर्यंत होऊ शकते. परंतु त्याची किंमत चौकात मोजावी लागते. दोन रस्ते मिळतात तेथे कर्ण आला की चौकाला सहा तोंडे होतात, सिग्नलचा वेळ दोनऐवजी तिघांत वाटावा लागतो आणि पादचाऱ्याचा ओलांडण्याचा पल्ला वाढतो.

न्यूयॉर्कने मे २००९ मध्ये यावर अनपेक्षित उपाय केला. टाइम्स स्क्वेअर व हेरल्ड स्क्वेअर येथे ब्रॉडवेचे काही तुकडे मोटारींना बंद करून ते पादचाऱ्यांना देण्यात आले. शहराच्या परिवहन विभागाच्या २०१० च्या अहवालानुसार प्रकल्पक्षेत्रात पादचाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत ३५ टक्के आणि वाहनांतील लोकांच्या दुखापतींत ६३ टक्के घट झाली; त्याच वर्षी हा बदल कायम करण्यात आला. जाळीने मोटारी वाहाव्यात आणि कर्णाने माणसे वाहावीत, अशी ही विभागणी होती. १८११ च्या आयुक्तांना रहदारीसाठी ब्रॉडवे नको होता आणि काही चौकांपुरते ते बरोबर ठरले. परंतु रहदारीसाठी नको असलेला रस्ता शहरासाठीही नको, हा त्यांचा निष्कर्ष मात्र चुकला. आक्षेपाचे उत्तर आक्षेपातच दडलेले आहे : रस्त्याचे प्रयोजन रहदारीने संपत नाही.

८. समारोप

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, कर्णमार्ग हा एकच प्रकार नाही. वहिवाटीतून उरलेले, हद्दीतून आलेले आणि हुकमातून काढलेले असे त्याचे किमान तीन प्रकार आहेत. दुसरा, हे प्रकार स्थिर नसतात. दियागोनालप्रमाणे आखणीची वहिवाट होऊ शकते आणि ब्रॉडवेप्रमाणे वहिवाटीची पुन्हा आखणी होऊ शकते. तिसरा, तिरपेपणा सापेक्ष आहे. तो ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती नकाशा असतो त्याच्याकडे जातो. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, रस्त्याची स्मृती आणि माणसांची स्मृती या एक नव्हेत. शिकागोत रस्ता जपला गेला, माणसे हलवली गेली.

म्हणून कोणत्याही कर्णमार्गाचे वाचन करताना तीन प्रश्न क्रमाने विचारले जावेत : या रेषेवरून प्रथम कोण चालले? ती कागदावर कोणी उतरवली? आणि तिच्या छेदाने उरलेले त्रिकोण कोणाच्या वाट्याला गेले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या, दुसऱ्याचे भूगोलाच्या आणि तिसऱ्याचे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाकडे आहे. आणि या तिन्ही उत्तरांना जोडणारी भाषा साहित्याच्या अभ्यासकाने पुरवायची आहे. महाविद्यालयीन अध्यापनात शहराचा नकाशा अद्याप भूगोलाच्या प्रयोगशाळेतच टांगलेला राहतो. तो इतर वर्गांतही आणला गेला, तर सरळ रेषेला सद्गुण आणि तिरप्या रेषेला बंडखोरी मानण्याची सवय सुटण्यास मदत होईल. रेषा सरळ असो वा तिरपी, तिच्या खाली कोणाची तरी जमीन असते आणि तिच्यावरून कोणीतरी चाललेले असते. चिकित्सेने त्या दोघांची नावे शोधली पाहिजेत.